अर्ध्यावर ठेवलेल्या बॅटऱ्या

आमचा कॉलम, म्हणजे मदतीला निघालेली तुकडी, बोळिंजला पोहोचला तेव्हा पाऊस सलग तिसऱ्या दिवशी कोसळत होता आणि अख्ख्या वसई-विरारची वीज गेलेली होती. प्रशासनाने पूर मदतीसाठी लष्कराला बोलावलं होतं. दोन बोटी, एक डॉक्टर, दोन ट्रक, एक ड्रोन आणि तो चालवणारा मी. मी त्या वेळी नायब सुभेदार होतो. युनिटचं नाव लिहीत नाही. तशी परवानगी नाही आणि गरजही नाही.

माझं घर तिथून जवळच, आगाशीच्या बाजूला. वडिलोपार्जित केळीची वाडी आहे. नोकरीत काश्मीर झालं, आसाम झालं, राजस्थान झालं, पण स्वतःच्या गावात वर्दी घालून ड्युटीवर येण्याची वेळ एकदाच आली. भाऊ छत्री घेऊन शाळेच्या फाटकापर्यंत आला आणि म्हणाला, "जेवायला तरी ये." मी म्हणालो, "ड्युटीवर आहे." तो डबा देऊन गेला. आमचा मुक्काम त्या शाळेत होता.

हे लिहितो आहे त्याला कारण आहे. त्या पुरात मी सरकारी ड्रोन पाण्यात घालवला. कॅप्टनचा 'परत आण' असा स्पष्ट हुकूम असताना घालवला. आजही लग्नाकार्यात कुणीतरी जवळ येऊन हळूच विचारतो, "सुभेदार, नेमकं काय झालं होतं हो?" कोर्ट ऑफ इन्क्वायरीत एकदा सांगून झालं आहे. आता सगळ्यांनाच एकदम सांगतो, म्हणजे कुजबुज थांबेल. माफी मागण्यासाठी सांगत नाही, हे आधीच लक्षात घ्या.

आधी बॅटरी समजून घ्यावी लागेल. ड्रोनची लिथियमची बॅटरी ही दिसायला विटेएवढी वस्तू, पण तिच्याएवढी नखरेल चीज फौजेत दुसरी नाही. काठोकाठ चार्ज करून तशीच ठेवली, तर आतल्या आत कुढते आणि काही महिन्यांत पोट फुगवून बसते. पार रिकामी करून ठेवली, तर मरते आणि पुन्हा उठत नाही. उडून आली की गरम असते, तेव्हा तिला लगेच चार्जरला लावायचं नाही, आधी निवू द्यायचं. हवेत तीस टक्के उरले की ड्रोन खाली आणायचा. आणि उडायचं नसेल तेव्हा तिला साधारण अर्ध्यावर आणून कोरड्या, थंड जागी ठेवायचं. एवढं सांभाळलं तर ती दोन-तीन वर्षं इमानाने चालते.

मला हे पुस्तकातून पटलं नाही, वाडीमुळे पटलं. लांबच्या बाजारात पाठवायचा केळीचा घड आम्ही पिकू देत नाही. केळ्याचे कंगोरे अजून बोटाला लागतायत तोवरच तो कापतो. पिकलेला घड दिसतो झकास, पण बाजारात पोहोचेपर्यंत काळा पडतो. बाबा म्हणायचे, "पिकलेलं घरात, कच्चं गाडीत." ड्रोनच्या कोर्समध्ये इन्स्ट्रक्टरने बॅटरी अर्ध्यावर ठेवायला सांगितली, तेव्हा वर्गातले निम्मे जवान हसले. मी नाही हसलो.

हसण्याचं कारणही सांगतो. फौजेत अर्धं काही ठेवतच नाहीत. मॅगझिन फुल, पाण्याची बाटली फुल, ट्रकची टाकी फुल. रिक्रूट असल्यापासून हेच अंगात भिनवलेलं असतं. त्यामुळे युनिटमध्ये ड्रोन आला आणि वरून हुकूम निघाला, की सर्व बॅटऱ्या सदैव शंभर टक्के चार्ज हव्यात. इन्स्पेक्शनला आलेल्या साहेबांना फळीवर आठच्या आठ बॅटऱ्यांचे चारही हिरवे दिवे दिसले पाहिजेत. रायफलीसाठी जे शहाणपण ते बॅटरीलाही लावलं. यात कुणा एकाचा दोष नव्हता, ती आमची सगळ्यांची सवय होती.

मी माझ्या कमांडरकडे गेलो. कॅप्टन मेहरा मॅडम. वय तिशीच्या आतलं, बोलणं कमी, ऐकणं जास्त. मी म्हणालो, असंच चाललं तर सगळ्या बॅटऱ्या वर्षाच्या आत फुगतील.

फौजेत सुभेदाराला अधिकारीही 'साहब' म्हणतात. त्या म्हणाल्या, "साहब, आपकी बात सही है. लेकिन ऊपर का ऑर्डर है."

"मॅडम, ऑर्डर बॅटरी को नहीं पता."

त्या हसल्या नाहीत. थोडा विचार करून म्हणाल्या, "चार ऑर्डर के हिसाब से. चार आपके हिसाब से. इन्स्पेक्शन में पूछेंगे तो जवाब मैं दूँगी."

तेव्हापासून आमच्या स्टोअरमध्ये बॅटऱ्यांची वाटणी झाली. चार हुकमाच्या, त्या फळीवर दिमाखात हिरवे दिवे दाखवत बसायच्या. चार माझ्या, त्या खालच्या पेटीत अर्ध्यावर झोपलेल्या. हिवाळा गेला, उन्हाळा गेला. पहिल्याच इन्स्पेक्शनला मॅडमना बोलणी बसली. त्यांनी ती ऐकून घेतली आणि वाटणी बदलली नाही. यासाठी मी त्यांना आजही मानतो.

या वाटणीची सगळ्यात जास्त टिंगल करायचा तो रघुनाथ मोरे. हवालदार, बोट ऑपरेटर. गाव माण तालुक्यात, जिथे प्यायच्या पाण्याला मोताद. भरतीनंतर पोहायला शिकला आणि युनिटमधला सगळ्यात चांगला बोटवाला झाला. आमची बारा वर्षांची सोबत. चारचौघांत मला साहेब म्हणायचा, पण तोंडाला कुलूप असं नव्हतंच.

"साहेब, तुमच्या बॅटऱ्या उपाशी मरत्यात वं," तो म्हणायचा. "जरा पोटभर खाऊ घाला की."

"तुझी बोट सांभाळ."

"बोट सांभाळतोच. तुमी उंटावरनं शेळ्या हाका. आमी हाय खाली, शेळ्या."

ड्रोन वरून बघणार आणि तो खाली पाण्यात जाणार, म्हणून हा टोमणा. तो माझा जीव की प्राण होता, हे इथेच लिहून टाकतो. तेव्हा कधी बोललो नाही.

तर बोळिंज. निघण्यापूर्वी नियमाप्रमाणे आठही बॅटऱ्या फुल केल्या होत्या. पण शाळेत पोहोचल्यावर वारा आणि पाऊस असा, की ड्रोन उडवणं अशक्य. दुसऱ्या दिवशी सकाळी हवामानाचा निरोप आला की आज फ्लाइंग नाही. वर्गाला पत्र्याचं छप्पर, भिंतींना ओल, आत दमट उकाडा. माझ्या चार बॅटऱ्या मी तशा गरमीत फुल ठेवणार नव्हतो. आमच्या बॅटऱ्या साध्या होत्या, ठेवल्या ठेवल्या स्वतःच चार्ज उतरवणाऱ्या नव्हत्या. मग माझी नेहमीची पद्धत. ट्रकच्या हेडलाइटचा जुना बल्ब, त्याला दोन वायरी, वायरींच्या टोकाला बॅटरी. बल्ब पेटतो, बॅटरी हळूहळू खाली येते, मीटरवर आकडा बघून बंद करायचं. मी व्हरांड्यात बसलो आणि बल्ब पेटवला.

समोरच्या सोसायटीचे लोक पाणी आणि बिस्किटांच्या रांगेत उभे होते. दोन दिवस वीज नाही. भर दिवसा एक फौजी लख्ख दिवा पेटवून त्याच्याकडे टक लावून बसला आहे, हे त्यांना दिसलं. एक बाई सरळ पुढे आल्या.

"अहो, इथे आमचे मोबाईल डेड पडलेत. माझी मुलगी तुळिंजला अडकलीय, कॉन्टॅक्ट होत नाहीये. आणि तुम्ही दिवसाढवळ्या लाइट जाळताय?"

मी समजावायला लागलो. बॅटरी फुल ठेवली तर फुगते वगैरे. त्या बाईंच्या चेहऱ्यावरून एवढंच कळलं, की मला वेड लागलं आहे असं त्यांना वाटतंय.

रघू मागे उभा होता. म्हणाला, "साहेब, बल्बला पाजण्यापरीस मोबाइलला पाजा की. बॅटरीला काय, खाली उतरल्याशी मतलब."

खरं सांगतो, हे मला सुचलं नव्हतं. रघूने ट्रकमधला मोबाइल चार्जर काढला, माझ्या वायरींना जोडला आणि तासाभरात व्हरांड्यात मोबाइलची जत्रा भरली. माझ्या चार बॅटऱ्या अर्ध्यावर येईपर्यंत अर्ध्या रांगेचे फोन सुरू झाले. हुकमाच्या चार मात्र मॅडमनी हात लावू दिल्या नाहीत. पाऊस थांबला तर लगेच उडता यावं, हा त्यांचा हिशोब होता आणि तो चुकीचा म्हणता येत नाही.

त्या रांगेत हिराबाई होती. सोसायटीत धुणीभांडी करणारी, मिठागराच्या वस्तीतली, पाणी चढल्यापासून इकडेच अडकलेली. तिचा लहानसा बटणांचा फोन पहिल्यांदा चार्ज झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी ती तोच फोन हातात घेऊन गुडघाभर पाण्यातून धावत आली.

"साहेब, माज्या भावाचा फोन आलाय. मिठागरात पानी बांधावरून आलं. सगली मानसं गोदामाच्या पत्र्यावर चढलीत. पोरं हायत, बाया हायत."

"किती जण?"

"आमची आख्खी वस्ती. आनि भरती यायची हाय अजून."

मॅडमनी नकाशा उघडला. वस्ती खाजणाच्या, म्हणजे खाडीच्या दलदलीच्या, पलीकडे, मिठागराच्या मधोमध. एरवी बांधावरून चालत जाता येतं. आता सगळीकडे एकसारखं तपकिरी पाणी आणि त्या पाण्याखाली लपलेले बांध. बोटीच्या मोटरचा पंखा बांधाला लागला की मोडलाच. बांध कुठे आहेत आणि मोकळं पाणी कुठे, हे फक्त वरून दिसणार होतं. नेमका त्याच वेळी पाऊस ओसरून भुरभुर राहिला. मॅडम म्हणाल्या, "उड़ान होगी. मूव्ह."

ट्रक निघाले. मी जनरेटर सुरू करून माझ्या चार बॅटऱ्या ट्रकमध्येच चार्जरवर चढवल्या आणि पाण्याच्या काठावर ड्रोन उघडला. उडायचं हुकमाच्या बॅटऱ्यांवर, कारण त्या फुल होत्या. पहिली खाचेत बसेना. पोट फुगलेलं, कडी लागत नव्हती. दुसरी तशीच. तिसरी बसली, ड्रोन उठला, आणि काठापासून जरा दूर जातो न जातो तोच व्होल्टेज कोसळलं. शंभर दाखवणारी बॅटरी बघता बघता पंचवीसवर आली. मी ड्रोन कसाबसा परत आणला. चौथीने दिवे दाखवले आणि ड्रोन सुरूच केला नाही.

मॅडमनी त्या चार बॅटऱ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आपकी लगाइए."

त्या अजून पूर्ण भरल्या नव्हत्या. पण रघूला बोट पाण्यात उतरवून मोटर चढवायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात पहिली उडण्याजोगी झाली. अर्ध्यावरून वर यायला बॅटरीला फार वेळ लागत नाही. मी तीच लावून उडालो.

वरून सगळं स्पष्ट दिसलं. पाण्याखालचे बांध फिकट रेघांसारखे उमटले होते. गोदामाच्या पत्र्यावर माणसं, बाजूच्या माडाला दोन शेळ्या बांधलेल्या. मी रेडिओवर रघूला वाट सांगायला लागलो.

"बोट एक, सरळ. उजवीकडे बांध आहे, लांब रहा. ओव्हर."

"रॉजर."

"आता डावीकडे. थांब. हां, चल."

"चाललो. ओव्हर."

पहिल्या खेपेत लहान मुलं आणि त्यांच्या आया आल्या. दुसऱ्या खेपेला बोट दोनही सोबत गेली आणि बरीच माणसं आली; त्या खेपेला दोन बॅटऱ्या लागल्या. प्रत्येक वेळी मी तीस टक्क्यांवर ड्रोन खाली उतरवला, गरम बॅटरी काढून बाजूला निवायला ठेवली, पुढची लावली. माझ्या बॅटऱ्यांनी एकदाही दगा दिला नाही. काठावर हिराबाई उतरणाऱ्या प्रत्येकाचं तोंड हाताने चाचपून बघत होती. तिचा म्हातारा भाऊ धाकू त्यांच्यात नव्हता. त्याने सगळ्यांना आधी पाठवलं होतं आणि स्वतः शेवटच्या चार-पाच जणांबरोबर पत्र्यावर थांबला होता.

तिसऱ्या खेपेला चौथी बॅटरी लावली. पहिली एव्हाना निवून चार्जरवर गेली होती, पण भरलेली नव्हती. दोन्ही बोटी गेल्या. बोट दोनमध्ये चौघं बसले आणि ती पुढे निघाली. धाकूला घेऊन रघू मागून. तेवढ्यात भरती फिरली. मी इथला आहे, ओहोटीचं पाणी खाजणातून कसं ओढतं ते मला माहीत आहे. बांधातून पाणी सोडायला जी लाकडी दारं असतात, त्यांना इकडे उघाडी म्हणतात. त्या उघाडीशेजारचा बांध ओढीने फुटला. वरून मला पाणी तिकडे वाकताना दिसलं.

"बोट एक, डावीकडे दाब. बांध फुटलाय. पाणी ओढतंय."

"दिसतंय. दाबतोय."

त्याने दाबली. पण पंखा बांधाच्या दगडाला लागला. मोटर बंद पडली, बोट आडवी झाली, उघाडीच्या खांबावर आदळली आणि उलटली. दोघांच्याही अंगात लाइफ जॅकेट होती. उघाडीचा एकच खांब पाण्यावर उरला होता. रघूने म्हाताऱ्याला त्या खांबाला मिठी मारायला लावली आणि मागून स्वतःच्या अंगाने दाबून धरलं. त्याच्या खांद्याचा हँडसेट अजून चालू होता.

मॅडमनी बोट दोनला हुकूम दिला. बोट दोन चौघांना काठावर सोडून वळली. पण बोटीतून तो खांब दिसत नव्हता. मधे माडांची रांग, बुडालेली झुडपं, सगळीकडे सारखंच पाणी. त्यांना एकच गोष्ट दिसत होती, खांबाच्या वर थांबलेल्या माझ्या ड्रोनचा दिवा. "ईगल दिसतोय, त्याच्याकडे येतो," बोट दोनने कळवलं. रेडिओवर ड्रोनचं नाव ईगल होतं.

तेव्हा माझ्या स्क्रीनवर तीसचा इशारा वाजला.

मॅडम शेजारी उभ्या होत्या. "साहब, रिटर्न. पहली वाली जितनी भरी है, लगाइए, वापस भेजिए."

नियमाने त्यांचं बरोबर होतं. मी स्वतः वर्षभर हाच नियम सगळ्यांच्या डोक्यात भरला होता. पण ड्रोन परत यायचा, बॅटरी बदलायची, पुन्हा तिथे पोहोचायचं, तोवर बोट दोन आंधळी. त्या ओढीत तेवढा वेळ खांब कोण धरून ठेवणार?

"नहीं मॅडम."

"साहब, दिस इज अॅन ऑर्डर."

"ऑर्डर समझ में आया, मॅडम. ड्रोन नहीं आएगा."

त्यांना मला कंट्रोलपासून बाजूला करता आलं असतं. केलं नाही.

रेडिओवर रघूचा आवाज आला. दम लागलेला. "साहेब, किती राह्यली?"

"भरपूर आहे."

"खोटं बोलताय."

"तू खांब सोडू नको. बोट दोन येतेय."

"म्हातारबा घट हाय. मला म्हंतोय, तू जा." मग तो हसला, किंवा खोकला. हँडसेटमध्ये पाणी गेलं होतं, नीट कळलं नाही.

वीस झाले. पंधरा झाले. ड्रोनने आपोआप परत फिरायचा प्रयत्न केला, मी दोनदा तो रद्द केला. बोट दोन माडांच्या रांगेतून बाहेर आली आणि त्यांनी कळवलं, "खांब दिसला." त्याच वेळी वरच्या अंगाने गोदामाचा एक वासा वाहत आला. मी ओरडलो, रघूने मान वळवली. वासा त्याच्या पाठीत बसला. त्याने खांब सोडला. म्हातारा तसाच खांबाला चिकटून होता. बोट दोनने त्याला उचललं.

रघू फुटलेल्या बांधातून खाजणात ओढला गेला. नारिंगी जॅकेट मला दिसत होतं. बोट दोनला तिथून जाता येत नव्हतं, ती गेली असती तर तीही उलटली असती. मी ड्रोन त्याच्या मागे नेला. आता परत येण्याइतकी बॅटरी नव्हतीच, मग विचार कसला करायचा? मी ड्रोन खाली घेतला, अगदी त्याच्या डोक्यावर. त्याने एकदा हात वर केला. मला केला की पाण्याशी झटताना झाला, ते मी सांगू शकत नाही. वळणापाशी तिवरांच्या झुडपात पाणी जरा संथ झालं, तिथे तो थांबला. हलत नव्हता. मी त्याच्या वर थांबलो. स्क्रीनवर आकडा शून्याला आला, पंखे मंदावले आणि ड्रोन त्याच्या शेजारी पाण्यात पडला.

ड्रोनचं शेवटचं ठिकाण नकाशावर नोंदलं गेलं होतं. पाणी उतरल्यावर आम्ही सरळ तिथे गेलो. शोधावं लागलं नाही. चिखलातून त्याला मी उचललं, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही, आणि ट्रकपर्यंत नेताना मी रडलो. जवानांसमोर रडलो.

नंतर इन्क्वायरी बसली. टेबलापलीकडच्या कर्नल साहेबांनी विचारलं, "तीस टक्क्यांवर ड्रोन परत का आणला नाही? बॅटरी व्यवस्थापन तुम्हीच शिकवता ना?"

मी म्हणालो, "सर, बॅटरी मी वर्षभर जपली ती त्याच दिवशी वापरायला. फळीवर मांडायला नाही."

"हुकूम मोडलात हे मान्य आहे?"

"मान्य आहे, सर. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा मोडेन."

मेहरा मॅडमची साक्ष माझ्यानंतर झाली. त्यांनी सगळं जसं होतं तसं सांगितलं. हुकूम मी दिला, साहेबांनी मोडला, म्हातारा त्यामुळे वाचला. फुगलेल्या चार बॅटऱ्या त्यांनी सोबत आणल्या होत्या. त्या त्यांनी टेबलावर एकेक करून ठेवल्या आणि म्हणाल्या की यांना फुल ठेवण्याचा हुकूमही आम्हीच पाळत होतो. मला लेखी ताकीद मिळाली. ती मी सॅल्यूट करून घेतली आणि मनातल्या मनात तिथेच परत केली. त्यानंतर युनिटमधल्या सगळ्या बॅटऱ्या अर्ध्यावर ठेवायचा आदेश निघाला. तो कुणामुळे निघाला हे मला माहीत आहे, पण त्या कधी बोलल्या नाहीत.

आता मी निवृत्त आहे. बोळिंजला सोसायटीत घर घेतलं आहे, सकाळी आगाशीच्या वाडीत जातो. लग्नाचं शूटिंग करणारी पोरं, वाडीत फवारणी करणारे लोक फुगलेल्या बॅटऱ्या घेऊन माझ्याकडे येतात. म्हणतात, "काका, नवीच होती, काय झालं?" मी विचारतो, फुल करून कपाटात ठेवली होतीस ना? होतीच. मग मी त्यांना बल्ब जोडून दाखवतो. निम्मे ऐकतात. निम्मे म्हणतात, आयत्या वेळी चार्ज करायला वेळ कुठे असतो. त्यांना मी मिठागराची गोष्ट सांगत नाही. ती सांगायची जागा नाही.

आमच्या सोसायटीतला एक माणूस मला म्हणाला होता, एका म्हाताऱ्यापायी एक जवान आणि एवढा महागडा ड्रोन गेला, हे गणित काही जमत नाही. मी त्याला जिन्यातच सांगितलं, की माझ्या घरात पाऊल ठेवू नकोस. अजून ठेवलेलं नाही.

रघूला मी त्याच्या गावी पोहोचवायला गेलो होतो. माणातलं छोटं गाव, उन्हाने भेगाळलेली शेतं, पावसाळा असून आभाळ कोरडं. तिरंग्यातली पेटी उतरवली, सलामी झाली, लोक पांगले. त्याची आई ओट्यावर बसली होती. मी बूट काढून खाली बसलो. तिने रडून घेतलं होतं. मग तिने विचारलं,

"पान्यात एकलाच व्हता का रं त्यो?"

"नाही, आई," मी म्हणालो. "शेवटपर्यंत मी वर होतो."

तिने मान हलवली आणि आत जाऊन माझ्यासाठी पाण्याचा तांब्या आणला.